ठिबकचा कंट्रोलर, वेगवेगळे बोर्ड आणि एकच सॉफ्टवेअर

केळीच्या बागेसाठी ठिबकचा कंट्रोलर बनवायचा म्हटलं की सुरुवात बहुतेक वेळा एकाच बोर्डावर होते. समजा, रास्पबेरी पाय ३ घेतला, रिले लावले, ओलाव्याचा सेन्सर जोडला, सगळं चाललं. पुढच्या ऑर्डरला पाय ३ मिळत नाही म्हणून पाय ४ येतो. चोपड्याच्या गिऱ्हाइकाकडे आधीचा बीगलबोन पडून असतो, त्याला तोच वापरायचा असतो. व्हॉल्व्हजवळच्या छोट्या नोडसाठी मागवलेल्या ब्लू पिल (एसटीएम३२ चिपच्या) बोर्डांमध्ये काहींवर अस्सल चिप निघते, काहींवर नक्कल. काम सगळीकडे एकच आहे: मोटार चालू-बंद करा, व्हॉल्व्ह उघडा, पाण्याचा मीटर वाचा. तरी प्रत्येक बोर्डागणिक कोडमध्ये एक नवा ‘इफ’ घुसतो, आणि वर्षभराने त्यातला कुठला कशासाठी होता हे कोणालाच सांगता येत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे एम्बेडेड शिकणारे विद्यार्थी आणि शेतीसाठी असे डबे बनवणारे छोटे उद्योजक यांच्यासाठी हा लेख आहे. सगळ्या पायऱ्यांचा गाभा एकच: बोर्डाबोर्डातला फरक बोर्डाच्या वर्णनात ठेवायचा, कोडमध्ये नाही. लिनक्समध्ये आणि झेफिरमध्ये (छोट्या चिपांसाठीची ऑपरेटिंग सिस्टम) त्यासाठी डिव्हाइस ट्री नावाची तयार व्यवस्था आहे. ती न वापरता आपली स्वतःची व्यवस्था उभी करण्यातच नवख्यांचे महिने जातात.

कमांड, फाइलींची नावं आणि आकडे इथे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते नेहमीसारखे इंग्रजीतच टाइप करायचे.

लागणारं साहित्य

- यूएसबी ते टीटीएल सीरियल केबल, ३.३ व्होल्टचीच. ५ व्होल्टची लावली तर पिन जळू शकते.
- मल्टीमीटर, आणि शक्य असेल तर ८ चॅनेलचा स्वस्तातला लॉजिक ॲनालायझर.
- एसटीएम३२ साठी एसटी-लिंक (चिपमध्ये प्रोग्राम टाकायचं साधन).
- दोन-तीन चांगली एसडी कार्डं.
- उबंटू किंवा डेबियन असलेला लॅपटॉप. त्यावर डीटीसी, आयटूसी-टूल्स, जीपीआयओडी आणि पिकोकॉम टाकून ठेवा.
- कागदपत्रं: बोर्डाचा स्केमॅटिक, चिपचा रेफरन्स मॅन्युअल आणि त्या चिपची इरेटा शीट. इरेटा म्हणजे चिपमध्येच राहून गेलेल्या दोषांची यादी. ती कोणी उघडत नाही, आणि कित्येकदा उत्तर तिच्यातच असतं.

स्केमॅटिक मिळत नसेल तर तो बोर्ड विकाऊ मालासाठी घेऊ नका. किंमत कितीही कमी असो.

१. खरेदीआधी कर्नलमध्ये बोर्ड आहे का ते पाहा

मूळ लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सोर्समध्ये एआरएम ६४ साठी ‘आर्च/एआरएम६४/बूट/डीटीएस’ हा फोल्डर आहे, ३२ बिटसाठी ‘आर्च/एआरएम/बूट/डीटीएस’. आवृत्ती ६.५ पासून ३२ बिटच्या फायलीही कंपनीनुसार उपफोल्डरांत गेल्या आहेत, त्यामुळे जुन्या लेखांत दिलेला पत्ता सापडला नाही तर गोंधळू नका. तुमच्या बोर्डाची फाइल इथे असेल तर नव्या कर्नलवर जाण्याची वाट मोकळी आहे. नसेल, आणि विकणारा फक्त स्वतःचा बदललेला जुना कर्नल देत असेल, तर पुढची सगळी वर्षं तुम्ही त्या जुन्या कर्नलला बांधले जाता. सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत आणि नवा ४जी मोडेम लावला की त्याचा ड्रायव्हर नसतो. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी हे बंधन घेऊ नये.

२. हातातला बोर्ड नेमका कोणता, हे बोर्डालाच विचारा

खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाखाली वेगळी चिप येते. रास्पबेरी पाय २ च्या आवृत्ती १.१ वर बीसीएम२८३६ होती, १.२ वर बीसीएम२८३७ आली. सगळ्यात पहिल्या पायच्या रिव्हिजन १ मध्ये हेडरच्या ३ आणि ५ नंबरच्या पिनांवर आयटूसीची (सेन्सर जोडायच्या दोन तारांची) बस ० होती, रिव्हिजन २ पासून त्याच पिनांवर बस १ आली. खोक्यावरचं नाव तेच, पिना त्याच, पण प्रोग्रामला सेन्सर दिसत नाही.

लिनक्स चालू झालं की पहिलं काम म्हणजे ‘/प्रोक/डिव्हाइस-ट्री/मॉडेल’ आणि त्याशेजारची ‘कम्पॅटिबल’ या फाइली वाचणं. पायवर ‘/प्रोक/सीपीयूइन्फो’ मधला रिव्हिजन कोडही लिहून घ्या. बीगलबोनवर आयटूसी बस ० वर ०एक्स५० या पत्त्याला एक छोटी ईईप्रॉम (वीज गेली तरी न पुसणारी मेमरी) असते. तिच्यात बोर्डाचं नाव आणि आवृत्ती कारखान्यातच लिहिलेली असते, आणि यू-बूट (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) तीच वाचून कोणती डीटीबी, म्हणजे बोर्डाच्या वर्णनाची फाइल, उचलायची ते ठरवतो. ही पद्धत फार चांगली आहे. स्वतःचा बोर्ड बनवणार असाल तर २४सी०२ सारखी एक ईईप्रॉम पहिल्या दिवसापासून टाका, नंतर टाकता येत नाही.

एसटीएम३२ मध्ये फसगत जास्त. ब्लू पिलवर एसटी-लिंक लावून ओपनओसीडी चालवलं आणि ०एक्स१बीए०१४७७ ऐवजी ०एक्स२बीए०१४७७ हा आयडी आला असं सांगत तो थांबला, तर चिप एसटीची नाही. नक्कल चिप चालतच नाही असं नाही. पण फ्लॅशची वेळ, यूएसबी आणि एडीसी यांच्यात बारीक फरक असतात, आणि ते फरक भर उन्हात शेतात समोर येतात. अशा चिपा वेगळ्या डब्यात ठेवा आणि शिकण्यासाठी वापरा. यूएसबी अजिबात ओळखलं जात नसेल तर आर१० हा रेझिस्टर पाहा. तो १.५ किलोओहमचा हवा, कित्येक बोर्डांवर १० किलोओहमचा लावलेला असतो.

३. सीरियल कन्सोल आधी, बाकी सगळं नंतर

एचडीएमआय किंवा नेटवर्कच्या भरवशावर बोर्ड उभा करायला जाऊ नका. बोर्ड अडकतो तो त्या दोन्हींच्या आधी. तीन तारा जोडा: ग्राउंड, टीएक्स, आरएक्स. टीएक्स समोरच्या आरएक्सला. केबलची व्हीसीसीची तार मोकळी सोडा.

वेग बहुतेक बोर्डांवर १,१५,२०० बॉड असतो. रॉकचिपच्या बोर्डांवर मात्र तो १५,००,००० असतो, आणि जुनी सीपी२१०२ केबल १० लाखांपुढे जात नाही. स्क्रीनवर कचरा अक्षरं दिसली की लोक बोर्ड खराब समजून परत पाठवतात. दोष केबलचा असतो. एफटी२३२ वापरली की हा प्रश्न मिटतो.

पोर्टाचं नावही चिपगणिक बदलतं. पायवर टीटीवायएएमए० किंवा टीटीवायएस०, एनएक्सपीच्या आय.एमएक्सवर टीटीवायएमएक्ससी०, एसटीच्या मोठ्या चिपांवर टीटीवायएसटीएम०. कर्नलच्या कमांड लाइनमध्ये चुकीचं नाव असेल तर ‘स्टार्टिंग कर्नल’ एवढं छापून पडदा गप्प होतो. बोर्ड आतून चालू असतो, फक्त बोलत नाही. म्हणून नाव कमांड लाइनमध्ये घालण्यापेक्षा डिव्हाइस ट्रीच्या ‘चोझन’ नोडमधल्या ‘एसटीडीआउट-पाथ’ मध्ये ठेवा, आणि पहिल्या चाचणीत ‘अर्लीकॉन’ (कन्सोल तयार होण्याआधीच संदेश छापणारी सोय) चालू करा. तरीही काही आलं नाही, तर बहुधा डीटीबीच दुसऱ्या बोर्डाची आहे.

४. डिव्हाइस ट्री समजून घ्या

पूर्वी एआरएमवर प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्येच सी भाषेतली एक फाइल असे. बोर्ड वाढत गेले तशा फाइली वाढल्या. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर पॉवरपीसीवर आधीपासून वापरात असलेली डिव्हाइस ट्रीची पद्धत एआरएमवरही जोरात राबवली गेली. डिसेंबर २०१२ च्या ३.७ या आवृत्तीपासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांसाठी एकच कर्नल बनवता येऊ लागला.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचा सातबारा. कुठल्या पत्त्यावर काय आहे, किती जागा आहे, क्लॉक आणि वीज कुठून येते, कुठला भाग वापरात आहे आणि कुठला पडीक, हे सगळं त्यात. कर्नल तो वाचतो आणि त्याप्रमाणे ड्रायव्हर लावतो.

फाइली तीन प्रकारच्या. चिपचं सामायिक वर्णन डीटीएसआय मध्ये, बोर्डाचं वर्णन डीटीएस मध्ये, आणि डीटीसीने कंपाइल केलेली फाइल म्हणजे डीटीबी. नवा बोर्ड आला तर डीटीएसआयला हात लावायचा नाही. नवी डीटीएस लिहायची, वरती डीटीएसआय समाविष्ट करायची आणि फक्त फरक लिहायचा. एखादाच सेन्सर वाढवायचा असेल तर ओव्हरले (मूळ ट्रीवर चढवायचा छोटा बदल) पुरतो. पायवर तो ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये एका ओळीने चालू होतो.

एका सेन्सरच्या नोडमध्ये एवढ्या गोष्टी तपासा:

- ‘कम्पॅटिबल’: कंपनी, स्वल्पविराम, चिपचं नाव. एक अक्षर चुकलं तर ड्रायव्हर लागत नाही आणि कुठलीही चूक छापली जात नाही. नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.
- ‘रेग’: आयटूसीवर असेल तर पत्ता. नोडच्या नावातला पत्ता आणि हा एकच हवा.
- ‘स्टेटस’: डीटीएसआयमध्ये बहुतेक बस बंद ठेवलेल्या असतात. बोर्डाच्या फाइलमध्ये ती ‘ओके’ केली नाही तर आतला सेन्सर कितीही बरोबर लिहिला तरी दिसणार नाही.
- ‘पिनकंट्रोल’: त्या पिना आयटूसीला दिल्या आहेत की अजून दुसऱ्याच कामाला लागल्या आहेत.
- वीज आणि क्लॉक: ज्या रेग्युलेटरवर भाग अवलंबून आहे त्याचा नोडही चालू हवा.

शेवटचा मुद्दा जरा थांबून समजून घ्या. रेग्युलेटर किंवा क्लॉक तयार नसेल तर ड्रायव्हर ‘नंतर बघू’ म्हणून मागे सरकतो आणि वाट पाहत राहतो. तो रेग्युलेटर कर्नलमध्ये घेतलेलाच नसेल तर ही वाट संपत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) लाल काही दिसत नाही. अशा वेळी ‘/सिस/कर्नल/डीबग/डिव्हाइसेस_डिफर्ड’ ही फाइल उघडा. कोण अडकून बसलंय त्याची यादी तिथे मिळते.

आपण लिहिलेलं आणि बोर्डाने घेतलेलं एकच आहे का हेही पडताळा. चालू बोर्डावर डीटीसीला इनपुट ‘एफएस’ सांगून ‘/प्रोक/डिव्हाइस-ट्री’ दिलं की सध्याची ट्री वाचता येईल अशा रूपात बाहेर येते. बूट पार्टिशनमध्ये जुनी डीटीबी पडून राहणं आणि आपण तासभर नवीच बदलत बसणं, हे फार वेळा घडतं.

५. मॉड्यूल कोणतं आलंय ते चिपला विचारा

ऑनलाइन मागवा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा किंवा जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मिळालं तर घ्या, मॉड्यूलवर छापलेलं नाव खरं असेलच असं नाही. बागेतली हवा मोजायला बीएमई२८० लागतो: तापमान, दाब आणि आर्द्रता. त्याच आकाराचा, त्याच पिनांचा बीएमपी२८० स्वस्त असतो, आणि त्यात आर्द्रता नाही. दोघांचा पत्ता ०एक्स७६ किंवा ०एक्स७७. नुसत्या आयटूसीडिटेक्टने (बसवरचे पत्ते दाखवणारी कमांड) फरक कळत नाही, तिथे दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून ०एक्सडी० हा रजिस्टर वाचा: आयटूसीगेट -वाय १ ०एक्स७६ ०एक्सडी०. उत्तर ०एक्स६० आलं तर बीएमई, ०एक्स५८ आलं तर बीएमपी. मालाची पिशवी उघडल्या उघडल्या हे करा, सोल्डर केल्यावर नाही. ड्रायव्हर आधीच लागलेला असेल तर आयटूसीडिटेक्टमध्ये पत्त्याच्या जागी ‘यूयू’ दिसतं. ती चूक नाही, पत्ता कर्नलच्या ताब्यात आहे एवढाच अर्थ.

पत्त्यांची टक्करही आधी पाहा. डीएस३२३१ हे घड्याळ ०एक्स६८ वर, एमपीयू६०५० सुद्धा तिथेच. डीएस३२३१ च्या नेहमीच्या निळ्या मॉड्यूलवर एक ईईप्रॉमही असते, ०एक्स५७ वर. बीगलबोनच्या केपची (वर बसणाऱ्या जोड-बोर्डाची) ओळख पटवणाऱ्या ईईप्रॉम ०एक्स५४ ते ०एक्स५७ या पत्त्यांवर असतात, त्यामुळे दोन्ही एका बसवर आले की भांडण होतं.

६. ॲप्लिकेशनमध्ये एकही आकडा लिहू नका

इथे शिस्त पाळली की पुढचे बोर्ड सोपे जातात.

आधी जीपीआयओ, म्हणजे प्रोग्राममधून चालू-बंद करायच्या पिना. काही जुन्या लायब्ररी चिपच्या मेमरीतला पत्ता थेट पकडून पिन हलवतात. पहिल्या पायवर पेरिफेरल ०एक्स२००००००० पासून सुरू होतात, पाय २ आणि ३ वर ०एक्स३एफ०००००० पासून, पाय ४ वर ०एक्सएफई०००००० पासून. पाय ५ वर तर जीपीआयओ मुख्य चिपमध्ये राहिलेच नाहीत, ते पीसीआय एक्सप्रेसने जोडलेल्या आरपी१ या वेगळ्या चिपमध्ये गेले. म्हणून आरपीआय.जीपीआयओ ही लायब्ररी तिथे चालत नाही. ‘/सिस/क्लास/जीपीआयओ’ मधले नंबरही भरवशाचे नाहीत. रास्पबेरी पायच्या ६.६ कर्नलवर ते ० ऐवजी ५१२ पासून सुरू झाले आणि ‘१७’ लिहिलेल्या सगळ्या स्क्रिप्ट एका अपडेटमध्ये बंद पडल्या.

त्याऐवजी डिव्हाइस ट्रीमध्ये ‘जीपीआयओ-लाइन-नेम्स’ वापरून पिनांना कामाची नावं द्या: ‘मोटार’, ‘व्हॉल्व्ह१’, ‘व्हॉल्व्ह२’, ‘मीटर’. फाइलमध्ये अर्थात रोमन अक्षरांत. ॲप्लिकेशनने लिबजीपीआयओडीकडे नावाने मागणी करायची. पाय ३ वर मोटार १७ वर असो की बीगलबोनवर तिसऱ्याच चिपच्या पाचव्या ओळीवर, कोडला कळायचं कारण नाही. लिबजीपीआयओडीच्या आवृत्ती १ आणि २ यांचे फंक्शन एकमेकांशी जुळत नाहीत. कुठली वापरायची ते सुरुवातीलाच ठरवा आणि सगळ्या बोर्डांवर तीच ठेवा.

मग सीरियल पोर्ट. यूएसबीचे टीटीवाययूएसबी० आणि टीटीवाययूएसबी१ लाइट जाऊन आली की अदलाबदल होतात, आणि मोडेमच्या कमांड पाण्याच्या मीटरला जातात. ‘/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी’ वापरता येतं, पण सीएच३४० मध्ये बहुधा सीरियल नंबर नसतो, म्हणून अशा दोन केबली तिथे एकाच नावाने भांडतात. तिथे ‘बाय-पाथ’ घ्या, किंवा यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणाऱ्या सेवेचा) नियम लिहून ‘मॉडबस’ आणि ‘मोडेम’ अशी कायमची नावं द्या.

पाय ३ आणि ४ वर आणखी एक खड्डा आहे. चांगला यूएआरटी (सीरियल पोर्ट चालवणारा भाग) ब्लूटूथला दिलेला असतो आणि हेडरवर मिनी यूएआरटी येतो. मिनी यूएआरटीला पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) येत नाही. कित्येक एनर्जी मीटर आणि फ्लो मीटर कारखान्यातून ईव्हन पॅरिटीवर सेट होऊन येतात. मग तारा बरोबर, पत्ता बरोबर, बॉड बरोबर, तरी मॉडबसला (मीटरशी बोलायच्या पद्धतीला) उत्तर नाही. ब्लूटूथ बंद करणारा ओव्हरले लावा आणि प्रोग्राममध्ये ‘/डेव्ह/सीरियल०’ वापरा. आरएस-४८५ साठी मॅक्स४८५ हा ५ व्होल्टचा भाग आहे, ३.३ व्होल्टच्या पिनांना मॅक्स३४८५ लावा.

घड्याळाचंही तसंच. पाय ४ पर्यंत बोर्डावर घड्याळ नाही. बीगलबोनच्या चिपमध्ये आहे, पण त्याला बॅटरी नाही, आणि ते आरटीसी० हे नाव स्वतःकडे घेतं. तुम्ही लावलेला डीएस३२३१ आरटीसी१ होतो. लाइट गेली, नेटही नाही, सिस्टम आरटीसी० ची चुकीची वेळ उचलते आणि पहाटेचं पाणी दुपारी सुटतं. डिव्हाइस ट्रीच्या ‘एलियासेस’ मध्ये आरटीसी० हे नाव डीएस३२३१ ला देऊन टाका.

७. रिले: बूट होतानाचे काही सेकंद

हा भाग वगळू नका. बोर्ड चालू झाल्यापासून तुमचा प्रोग्राम सुरू होईपर्यंत पिना कोणाच्याच ताब्यात नसतात. पायच्या चिपमध्ये रीसेटला जीपीआयओ ० ते ८ वर आतला पुल-अप (पिन वर ओढणारा रेझिस्टर) असतो, ९ ते २७ वर पुल-डाउन (खाली ओढणारा). दुसऱ्या चिपांवर हे वेगळं. त्यामुळे एका बोर्डावर शांत राहणारा रिले दुसऱ्या बोर्डावर बूट होताना टक करून ओढतो. रात्रीची थ्री फेज आलेली असेल तर विहिरीतली मोटार तेवढ्यात चालू होते. आत कोणी उतरलेलं असू शकतं.

बाजारातली बरीच रिले मॉड्यूलं ॲक्टिव्ह-लो (पिन शून्यावर गेली की चालू होणारी) असतात, आणि ५ व्होल्टवर चालवली की ३.३ व्होल्टच्या पिनेने नीट बंदही होत नाहीत. त्यापेक्षा यूएलएन२००३ मधून रिले चालवा. इनपुट मोकळं राहिलं तरी रिले बंद राहतो. त्यावर प्रत्येक इनपुटला बाहेरून १० किलोओहमचा पुल-डाउन द्या. कोणत्या बोर्डावर कुठला सिग्नल उलटा आहे हे बोर्डाच्या सेटिंग फाइलमध्ये लिहा. स्टार्टरच्या कॉइलची वायरिंग वायरमनकडूनच करून घ्या, आणि हाताने बंद करायचा स्विच कंट्रोलरच्या पुढे ठेवा, त्याच्या मर्जीवर नाही.

८. छोट्या नोडसाठी झेफिर

ज्या चिपेत एमएमयू (मेमरीची वाटणी सांभाळणारा भाग) नाही तिथे नेहमीचं लिनक्स नाही. एसटीएम३२, एनआरएफ५२ आणि आरपी२०४० यांच्यासाठी झेफिर चांगला, कारण त्यातही डिव्हाइस ट्री आहे. फरक एवढाच की ती कंपाइल होतानाच कोडमध्ये मुरते, चालू असताना वाचली जात नाही. म्हणजे बोर्ड बदलला की पुन्हा बिल्ड करावंच लागतं, पण सी कोड तोच राहतो.

ॲप्लिकेशनच्या फोल्डरमध्ये ‘बोर्ड्स’ नावाचा उपफोल्डर करा. त्यात प्रत्येक बोर्डाच्या नावाची एक ओव्हरले फाइल आणि गरज असेल तर एक कॉन्फ फाइल ठेवा. ओव्हरलेमध्ये ‘मोटार’, ‘व्हॉल्व्ह१’ असे एलियास (टोपणनावं) द्या. कोडमध्ये फक्त एलियास. जुलै २०२४ च्या ३.७ आवृत्तीपासून बोर्डाच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन चिपचं नावही येतं, त्यामुळे जुन्या लेखांमधल्या काही बिल्ड कमांड जशाच्या तशा चालत नाहीत. ओव्हरले लागला की नाही अशी शंका आली तर अंदाज बांधू नका. ‘बिल्ड/झेफिर’ मधली ‘झेफिर.डीटीएस’ उघडा, सगळं मिसळून तयार झालेली अंतिम ट्री तीच.

डिव्हाइस ट्री झाकू शकत नाही असे फरकही आहेत, ते सीपीयूतच आहेत:

- कॉर्टेक्स-एम०+ ला विषम पत्त्यावरून ३२ बिटचा आकडा एकदम वाचता येत नाही, लगेच हार्डफॉल्ट. एम४ ला येतो. मॉडबसच्या फ्रेममध्ये पॉइंटर कास्ट करून आकडा काढणारा कोड म्हणून एनआरएफ५२ वर चालतो आणि आरपी२०४० वर कोसळतो. एकेक बाइट जोडून आकडा काढा. झेफिरमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहेत.
- एम७ मध्ये डेटा कॅश असतो. डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणाऱ्या भागाने) मेमरीत टाकलेलं प्रोसेसरला जुनंच दिसू शकतं. बफर ३२ बाइटच्या हद्दीवर ठेवा आणि कॅश साफ करा, किंवा तो भाग कॅशबाहेर ठेवा.
- फ्लॅश पुसण्याचा तुकडा वेगळा: एसटीएम३२एफ१०३सी८ मध्ये १ केबी, आरपी२०४० बरोबरच्या बाहेरच्या फ्लॅशमध्ये साधारण ४ केबी, एसटीएम३२एफ४ मध्ये १६ पासून १२८ केबीपर्यंत. सेटिंग साठवायचं पार्टिशन प्रत्येक बोर्डासाठी वेगळं आखावं लागतं.
- नावावरून जात ठरवू नका. ईएसपी३२ एक्सटेन्सा आहे, ईएसपी३२-सी३ रिस्क-फाइव्ह. एकाची बायनरी दुसऱ्यावर चालत नाही.

९. एकच इमेज, अनेक डीटीबी

लिनक्सच्या बोर्डांसाठी यू-बूटची एफआयटी इमेज पाहा. तिच्यात एक कर्नल आणि अनेक डीटीबी एकत्र बांधता येतात, आणि बोर्डाची ओळख वाचून योग्य जोडी उचलता येते. बिल्डसाठी सुरुवातीला बिल्डरूट (लिनक्सची इमेज बनवणारं साधन) घ्या, प्रत्येक बोर्डाला एक डेफकॉन्फिग (सेटिंगची फाइल). बोर्ड आणि उत्पादनं दोन्ही वाढली की योक्टो या मोठ्या साधनाकडे जा. पहिल्याच दिवशी योक्टोत उडी मारली तर बोर्डाऐवजी योक्टोच शिकत बसाल.

१०. ऊन आणि लाइट

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या डब्यात आत त्याहून कितीतरी जास्त. ० ते ७० अंशांचा कमर्शियल ग्रेडचा भाग आणि उणे ४० ते ८५ चा इंडस्ट्रियल भाग यांतला फरक इथे खरा पैसा वसूल करतो. पाय ८० अंशांच्या पुढे स्वतःचा वेग कमी करतो, आणि दुसऱ्या चिपांच्या मर्यादा त्यांच्या डिव्हाइस ट्रीतल्या ‘थर्मल-झोन्स’ मध्ये लिहिलेल्या असतात. त्या वाचा. डबा सावलीत, शक्यतो उत्तरेच्या भिंतीला.

लाइट केव्हाही जाणार हे धरून चाला. रूट पार्टिशन रीड-ओन्ली ठेवा आणि नोंदी वेगळ्या पार्टिशनवर. वॉचडॉग (अडकलेला बोर्ड आपोआप रीसेट करणारा टायमर) चालू करा, पण त्याची कमाल मुदत चिपगणिक वेगळी: पायचा हार्डवेअर वॉचडॉग १५ सेकंदांच्या आसपासच जातो. साठ सेकंद मागणारी सेटिंग दुसऱ्या बोर्डावरून उचलून आणली तर ती नाकारली गेली का, हे लॉगमध्ये बघा.

११. बोर्ड पाठवण्याआधीची चाचणी

प्रत्येक नव्या प्रकारच्या बोर्डावर हेच, याच क्रमाने:

१. मॉडेल, रिव्हिजन आणि कर्नलची आवृत्ती नोंदवा.
२. ‘डिव्हाइसेस_डिफर्ड’ रिकामी आहे का पाहा.
३. आयटूसीवरची प्रत्येक चिप तिच्या आयडीने पडताळा.
४. जीपीआयओइन्फोमध्ये सगळी नावं दिसतात का, आणि प्रत्येक नावाने योग्य रिले ओढतो का.
५. मॉडबसचा मीटर तासभर वाचा, चुका मोजा.
६. नेट काढा, लाइट घालवा, दहा मिनिटांनी द्या. वेळ बरोबर हवी.
७. रिले चालू असताना लाइट घालवा आणि द्या. बूट होताना एकही रिले हलता कामा नये. हे मोटार न जोडता, नुसता बल्ब लावून करा, आणि पंधरा-वीस वेळा करा. एखाद्याच वेळी होणारी चूक एकदा तपासून सापडत नाही.
८. ‘बाय-पाथ’ वापरलं नसेल तर यूएसबीची दोन्ही उपकरणं अदलाबदल करून लावा आणि यूडेव्हची नावं टिकतात का पाहा.

हे निकाल बोर्डवार एका तक्त्यात भरा. आडव्या ओळीत बोर्ड, उभ्या रकान्यांत चाचण्या. डीटीएस, ओव्हरले आणि हा तक्ता गिटमध्ये एकाच ठिकाणी ठेवा. बोर्डाचा प्रकार, रिव्हिजन, इमेजचा क्रमांक आणि कन्सोलचा बॉड एवढं कागदावर छापून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा, म्हणजे दोन वर्षांनी दुरुस्तीला जाणाऱ्याला लॅपटॉप उघडण्याआधीच समोर काय आहे ते कळेल.